सागरतळातून पाझरणारे भूजल आणि किनारी जलातील पोषकद्रव्यांचे प्रदूषण : शोधपद्धती आणि लहैना येथील पुरावा

सारांश :
जमिनीत मुरलेल्या पाण्याचा काही भाग नदी किंवा खाडीत न येता थेट सागरतळातून समुद्रात पाझरतो. या पाण्याबरोबर सांडपाण्यातील व खतांतील नत्र-स्फुरदयुक्त द्रव्येही किनाऱ्याला पोहोचतात. हा प्रवाह डोळ्यांना दिसत नसल्यामुळे किनारी प्रदूषणाच्या हिशेबातून तो बराच काळ वगळला गेला. प्रस्तुत लेखात या पाझराची कारणमीमांसा, त्याच्या शोधाच्या प्रमुख पद्धती आणि त्यांच्या मर्यादा यांचा परिचय करून दिला आहे. हवाई बेटांतील लहैना येथील सांडपाण्याच्या प्रकरणाच्या आधारे, अनेक पद्धतींचा एकत्रित पुरावा शास्त्रीय प्रश्नाबरोबरच उत्तरदायित्वाचा प्रश्नही कसा सोडवू शकतो, हे स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : सागरतळीय भूजल विसर्ग, पोषकद्रव्ये, रेडॉन, रेडियम, नत्राची समस्थानिके, रंगद्रव्य चाचणी.

१. प्रस्तावना

समुद्राच्या तळातून गोडे पाणी वर येते, ही गोष्ट मानवाला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने सीरियाच्या किनाऱ्यासमोरील अराडस, म्हणजे आजचे अरवाद, या बेटाचे वर्णन करताना एक युक्ती नोंदविली आहे. युद्धकाळात पाणी तुटले की तेथील लोक होडीतून समुद्रातील एका झऱ्यावर जात, शिशाचे रुंद तोंडाचे नरसाळे उपडे करून तळावर सोडीत आणि त्याला बांधलेल्या चामड्याच्या नळीतून वर येणारे गोडे पाणी भरून घेत. बहरीनच्या किनाऱ्याजवळील समुद्रतळाच्या झऱ्यांतूनही पूर्वी मोती काढणारे पाणबुडे पिण्याचे पाणी मिळवीत असत.

असे ठळक झरे मात्र अपवादात्मक असतात. बहुसंख्य किनाऱ्यांवर भूजल वाळूच्या असंख्य कणांमधून विस्तृत क्षेत्रावर मंदगतीने पाझरते. नदीला मुख असते, नाल्याला तोंड असते, कारखान्याच्या नळाला टोक असते. त्यामुळे तेथे उभे राहून पाण्याचा नमुना घेता येतो. पाझराला असे एक ठिकाण नसते. ज्याचे ठिकाण सांगता येत नाही त्याचे मोजमाप होत नाही, आणि ज्याचे मोजमाप होत नाही त्याची जबाबदारी कोणावरही पडत नाही. म्हणूनच पाझराचा शोध हा जलशास्त्राइतकाच किनारी व्यवस्थापनाचाही मूलभूत प्रश्न ठरतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) सागरतळीय भूजल विसर्गाची संकल्पना स्पष्ट करणे, (२) त्यातून होणाऱ्या पोषकद्रव्यांच्या वहनाचे स्वरूप समजावून घेणे, (३) शोधपद्धतींची तत्त्वे व मर्यादा मांडणे, आणि (४) लहैना येथील अभ्यासाच्या आधारे या पद्धतींच्या एकत्रित उपयोगाचे महत्त्व दाखविणे.

२. सागरतळीय भूजल विसर्ग : संकल्पना

भूजल अधिक जलशीर्षाकडून कमी जलशीर्षाकडे वाहते. त्याचा वेग खडकाची वा मातीची पार्यता आणि जलपातळीचा उतार या दोहोंवर अवलंबून असतो, हे फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी याने १८५६ मध्ये दाखवून दिले. किनाऱ्यालगतच्या जमिनीत भूजलाची पातळी सामान्यतः समुद्रपातळीपेक्षा किंचित उंच असते. एवढा फरकही पाण्याला समुद्राकडे ढकलण्यास पुरेसा होतो.

किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची घनता १.००० मानली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ असते. या फरकामुळे भूजलाची पातळी समुद्रपातळीच्या वर १ मीटर असेल, तर गोड्या पाण्याचा थर समुद्रपातळीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत पसरू शकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गायबेन आणि पुढे १९०१ मध्ये हर्झबर्ग यांनी हा नियम स्वतंत्रपणे मांडला. किनाऱ्यावरील विहिरींतून बेसुमार उपसा झाला की पाणी खारे का होते, याचेही उत्तर याच नियमात आहे. गोड्या पाण्याचा हा थर समुद्राकडे निमुळता होत जातो आणि त्याच्या टोकाशी पाझर घडून येतो.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. सागरतळातून वर येणारे सर्व पाणी गोडे नसते. भरती-ओहोटी आणि लाटा यांमुळे समुद्राचेच पाणी वाळूत शिरते, तेथे काही तास ते काही महिने राहते आणि पुन्हा बाहेर पडते. सागरतळीय भूजल विसर्ग या संज्ञेत हे पुनराभिसरित खारे पाणीही समाविष्ट केले जाते. हा भेद न केल्यास आकडेवारी परस्परविरोधी वाटू लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडियमवर आधारित एका जागतिक अभ्यासानुसार एकूण विसर्ग जगातील नद्यांच्या प्रवाहाच्या तीन ते चार पट आहे. याउलट २०२० मधील एका अभ्यासाने केवळ गोड्या भूजलाचा वाटा समुद्रात येणाऱ्या एकूण गोड्या पाण्याच्या सुमारे ०.६ टक्के इतकाच दाखविला. दोन्ही अभ्यास वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. शिवाय दुसऱ्या अभ्यासानेच असेही नमूद केले की, जागतिक पातळीवर नगण्य वाटणारा हा प्रवाह विशिष्ट किनाऱ्यांवर अत्यंत महत्त्वाचा ठरतो. पोषकद्रव्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न अशा विशिष्ट किनाऱ्यांचाच आहे.

३. पोषकद्रव्यांचे वहन आणि त्याचे परिणाम

नत्र आणि स्फुरद ही सजीवांना आवश्यक अशी पोषकद्रव्ये होत. परंतु किनारी जलात त्यांचे प्रमाण वाढले की शैवालांची बेसुमार वाढ होते. शैवाल मरून कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो, पाणी गढूळ होते आणि तळावरील सागरी गवत व प्रवाळ यांना सूर्यप्रकाश मिळेनासा होतो. या प्रक्रियेस अतिपोषण असे म्हणतात.

भूजलातून ही द्रव्ये सारख्या प्रमाणात पुढे जात नाहीत. फॉस्फेट मातीतील लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटून राहते, तर नायट्रेट पाण्यात विरघळलेलेच राहून पाण्याबरोबर प्रवास करते. समुद्रातील प्लवकांना नत्र व स्फुरद साधारणपणे १६ : १ या प्रमाणात लागतात. पाझरणाऱ्या भूजलात हे गुणोत्तर बहुधा याहून बरेच अधिक असते. परिणामी किनारी जलातील एकूण पोषकद्रव्येच नव्हे, तर त्यांचा समतोलही बदलतो.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा माणसाच्या आरोग्यासाठी ठरविलेली आहे. प्रवाळ आणि सागरी गवत यांना बाधक ठरणारे प्रमाण याच्या कितीतरी खाली असते. त्यामुळे ‘विहिरीचे पाणी पिण्यास योग्य आहे’ या निर्वाळ्यावरून ‘हे पाणी समुद्रात गेल्यास अपाय नाही’ असे अनुमान काढता येत नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या केप कॉड भागातील वाक्वॉइट उपसागर हे याचे अभ्यासलेले उदाहरण होय. या भागाची जमीन वाळूची असून पृष्ठभागावरील प्रवाह थोडे आहेत. घरोघरच्या सेप्टिक टाक्यांतील नत्र वाळूतून भूजलात आणि भूजलातून उपसागरात पोहोचले. जसजशी घरे वाढली तसतशी शैवाले वाढली आणि सागरी गवताची कुरणे नाहीशी होत गेली. भूजलाचा प्रवास मंद असल्याने आज टाकीतून निसटलेले नत्र उपसागरात पोहोचण्यास अनेक वर्षे लागू शकतात. म्हणजेच प्रदूषणाचे कारण आणि परिणाम यांत काळाचे अंतर पडते, आणि कारण थांबविल्यानंतरही परिणाम काही काळ चालूच राहतो.

४. शोधपद्धती

(अ) प्रत्यक्ष मापन :
सर्वांत सोपे साधन म्हणजे पाझरमापक. १९७७ मध्ये डी. आर. ली यांनी वर्णन केलेल्या रचनेत पोलादी पिंपाचा बूड किंवा झाकणाकडील भाग कापून तो उपडा करून तळाच्या वाळूत रोवतात. वरच्या बाजूस असलेल्या छिद्राला प्लास्टिकची पातळ पिशवी जोडतात. ठरावीक वेळात पिशवीत जमलेले पाणी मोजले की पाझराचा वेग मिळतो. उदाहरणार्थ, पाव चौरस मीटर क्षेत्राच्या पिंपातून एका तासात १ लिटर पाणी जमले, तर पाझर दर चौरस मीटरला ताशी ४ लिटर, म्हणजेच दिवसाला ९६ लिटर होय. त्या जागी तळातून दिवसाला सुमारे साडेनऊ सेंटीमीटर उंचीचे पाणी वर येते, असा त्याचा अर्थ होतो.

ही पद्धत स्वस्त आहे. मात्र ती एका बिंदूपुरतीच माहिती देते. लाटांमुळे पिशवीवर पडणारा दाब मापनात चूक आणतो, आणि चार हात पलीकडे पाझर अगदी वेगळा असू शकतो. शिवाय जमलेले पाणी गोडे भूजल आहे की पुनराभिसरित समुद्राचे पाणी, हे पाहण्यासाठी त्याची क्षारता मोजावीच लागते.

(आ) तापमान आणि विद्युतवाहकता :
भूजलाचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते, समुद्राचे मात्र ऋतूनुसार बदलते. गोड्या पाण्याची विद्युतवाहकताही खाऱ्या पाण्याच्या तुलनेत अत्यल्प असते. वाळूत खुपसता येणारी शलाका वापरून तळाखालील आणि तळावरील पाण्याचे तापमान व वाहकता एकाच वेळी मोजली, तर फरकावरून पाझराची संभाव्य जागा कळते. हेच तत्त्व विमानातून अवरक्त छायाचित्रणासाठी वापरतात. हवाई बेटाच्या पश्चिमेकडील कोना किनाऱ्यावर अशा छायाचित्रणातून समुद्राच्या उबदार पृष्ठभागावर पसरलेले थंड भूजलाचे अनेक पट्टे दिसून आले आणि त्यांतील पाणी पोषकद्रव्यांनी समृद्ध असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गोडे पाणी हलके असल्याने वर येते, म्हणूनच हे शक्य होते. खोल पाण्यात किंवा लाटांनी ढवळलेल्या पाण्यात ही खूण पुसली जाते.

(इ) नैसर्गिक किरणोत्सारी अनुरेखक :
पाण्याची वाट दाखविणाऱ्या पदार्थास अनुरेखक म्हणतात. खडक व माती यांत अल्प प्रमाणात असलेल्या युरेनियम व थोरियमच्या विघटनातून रेडियम आणि रेडॉन निर्माण होतात. रेडॉन-२२२ हा निष्क्रिय वायू असून त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवस आहे. भूजल सतत खडकाच्या संपर्कात असल्याने त्यात रेडॉनचे प्रमाण समुद्राच्या पाण्यापेक्षा शेकडो ते हजारो पट अधिक असते. त्यामुळे होडीतून किनाऱ्यालगत फिरत पाण्यातील रेडॉन सलग मोजत गेल्यास जेथे तो वाढतो तेथे पाझर असल्याचे सूचित होते. वाऱ्यामुळे हवेत निसटणारा आणि तळाच्या गाळातून आपोआप सुटणारा रेडॉन हिशेबात धरावा लागतो.

रेडियमचे वैशिष्ट्य वेगळे आहे. गोड्या पाण्यात तो मातीच्या कणांना चिकटून राहतो, पण खारे पाणी मिसळताच आयनांच्या अदलाबदलीमुळे सुटा होतो. म्हणून किनाऱ्याच्या जमिनीखाली जेथे गोडे व खारे पाणी मिसळते तेथील विसर्गाची ती उत्तम खूण ठरते. रेडियमची चार समस्थानिके निसर्गात आढळतात. त्यांची अर्धायुष्ये सुमारे ३.७ दिवस, ११.४ दिवस, ५.७५ वर्षे आणि १,६०० वर्षे अशी आहेत. अल्पजीवी समस्थानिकांच्या परस्पर गुणोत्तरावरून पाणी किनाऱ्यापासून निघून किती दिवस झाले याचा अंदाज बांधता येतो, तर दीर्घजीवी समस्थानिकांवरून विस्तृत क्षेत्राचा एकूण विसर्ग काढता येतो. विलर्ड मूर यांनी १९९६ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर रेडियम-२२६ चा हिशेब मांडला. नद्या व गाळ यांतून येणारे रेडियम वजा केल्यानंतरही बरेच शिल्लक राहत होते. त्यावरून भूजलाचा विसर्ग त्या काळातील नद्यांच्या प्रवाहाच्या सुमारे ४० टक्के असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुर्लक्षित पाझराकडे समुद्रशास्त्रज्ञांचे लक्ष वेधणारा हा एक महत्त्वाचा टप्पा होता.

(ई) प्रदूषणाचा उगम दाखविणाऱ्या खुणा :
वरील पद्धतींनी पाझर कोठे व किती आहे हे कळते. त्यातील नत्र कोणाचे आहे हे कळत नाही. त्यासाठी नत्राच्या दोन स्थिर समस्थानिकांचे, म्हणजे नत्र-१४ व नत्र-१५ यांचे, गुणोत्तर उपयोगी पडते. रासायनिक खतातील नत्राचे हे गुणोत्तर हवेतील नत्राच्या जवळपास असते. सांडपाणी आणि शेणखत यांतून आलेल्या नायट्रेटमध्ये नत्र-१५ चे प्रमाण सामान्यतः हजारी १० ते २० भागांनी अधिक असते. जिवाणू नायट्रेटचे वायुरूप नत्रात रूपांतर करताना हलके नत्र आधी वापरतात. त्यामुळे उरलेले नत्र आणखी ‘जड’ होत जाते.

किनाऱ्यावरील शैवाले पाण्यातील नत्र शोषून घेत असल्याने हे गुणोत्तर त्यांच्या ऊतींत नोंदविले जाते. पाण्याचा नमुना एका क्षणाची स्थिती सांगतो, शैवाल मात्र मागील काही दिवसांची सरासरी सांगते. याखेरीज माणसाच्या वापरातूनच येणारे पदार्थ, जसे कॅफीन, काही औषधे आणि कृत्रिम गोडी आणणारी द्रव्ये, भूजलात सापडल्यास सांडपाण्याचा संबंध अधिक स्पष्ट होतो. खतात किंवा शेणात ही द्रव्ये नसतात.

(उ) कृत्रिम अनुरेखक :
उगमस्थान निश्चित ठाऊक असेल तर तेथे निरुपद्रवी चमकणारे रंगद्रव्य सोडून ते किनाऱ्यावर कोठे व केव्हा उगवते हे पाहता येते. या पद्धतीचा पुरावा सर्वांत थेट असतो. मात्र वेळ अधिक लागतो, आणि रंगद्रव्य न सापडणे म्हणजे संबंध नसणे असा अर्थ काढता येत नाही.

५. लहैना येथील प्रकरण

हवाई राज्यातील माउई बेटावरील लहैना हे शहर ऑगस्ट २०२३ मधील वणव्यामुळे जगाला परिचित झाले. या शहराच्या उत्तरेस असलेल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा प्रश्न त्याआधीपासूनच गाजत होता. १९८० च्या दशकापासून हे केंद्र प्रक्रिया केलेले सांडपाणी चार खोल विहिरींतून जमिनीत सोडत आले. हे प्रमाण दिवसाला सुमारे ४० लाख गॅलन, म्हणजे दीड कोटी लिटर इतके होते. बेटाचा ज्वालामुखीजन्य खडक सच्छिद्र व भेगाळ असून केंद्रापासून समुद्र साधारण अर्धा मैल, म्हणजे सुमारे ८०० मीटर अंतरावर आहे. सांडपाणी समुद्रात थेट सोडले जात नव्हते, आणि कायद्याच्या दृष्टीने हाच मुद्दा निर्णायक ठरणार होता.

जवळच्या कहेकिली किनाऱ्यावरील प्रवाळांवर शैवाल माजत असल्याचे दिसत होते. शैवाल खाणाऱ्या माशांची संख्या वाढावी म्हणून २००९ मध्ये राज्य शासनाने तेथे अशा माशांच्या व समुद्री अर्चिनांच्या पकडीस बंदी केली. म्हणजे जमिनीवरील कारण सिद्ध होण्यापूर्वीच उपायाचा भार मासेमारी करणाऱ्यांनी उचलला होता. कारणाचा शोध मात्र टप्प्याटप्प्याने पुढे सरकला.

पहिला टप्पा उगमाच्या खुणांचा होता. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २००९ मध्ये आणि हवाई विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत कहेकिली येथील शैवालांतील नत्र-१५ चे प्रमाण असाधारण अधिक आढळले. सांडपाण्यातील नत्राचा काही भाग प्रक्रियेत व भूगर्भातील प्रवासात जिवाणूंनी वापरल्यामुळे उरलेले नत्र इतके जड झाले होते. हा पुरावा बोलका होता, परंतु परिस्थितिजन्य होता. सांडपाणी येथे येते हे त्यावरून सूचित होत असले, तरी ते याच विहिरींतून येते हे सिद्ध होत नव्हते.

दुसरा टप्पा तापमानाचा होता. हवाईमध्ये भूजल सामान्यतः समुद्रापेक्षा थंड असते. कहेकिली येथे विमानातून केलेल्या अवरक्त छायाचित्रणात मात्र उबदार पाण्याचा पट्टा दिसला. प्रक्रिया केंद्रातून जमिनीत जाणारे पाणी उबदार असल्याने ही विसंगती अर्थपूर्ण ठरली.

तिसरा टप्पा निर्णायक होता. जुलै २०११ मध्ये हवाई विद्यापीठाच्या संशोधकांनी तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाच्या विहिरींत फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य सोडले. ८४ दिवसांनी ते कहेकिली येथील समुद्रतळाच्या झऱ्यांतून येऊ लागले. अनेक महिने घेतलेल्या नमुन्यांवरून पाण्याच्या प्रवासाचा सरासरी काळ सुमारे १५ महिने निघाला. या दोन विहिरींत सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ६४ टक्के पाणी या झऱ्यांच्या परिसरातून समुद्रात जाते, असेही अनुमान काढण्यात आले. दुसऱ्या क्रमांकाच्या विहिरीत सोडलेले वेगळे रंगद्रव्य किनाऱ्यावर निश्चितपणे आढळले नाही. यावरून त्या विहिरीचे पाणी समुद्रात जात नाही असे संशोधकांनी म्हटले नाही, ही बाब पद्धतीच्या मर्यादांच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच किनाऱ्यावरील प्रवाळांची सजीवांकडून होणारी झीज आणि पाझरणारे नायट्रेटयुक्त, आम्लतेकडे झुकणारे पाणी यांचा संबंध दाखविण्यात आला.

या पुराव्याच्या आधारे पर्यावरण संघटनांनी २०१२ मध्ये माउई काउंटीविरुद्ध दावा दाखल केला. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ जल कायद्यानुसार नळ, विहीर यांसारख्या निश्चित स्थानावरून जलाशयात प्रदूषक सोडण्यास परवाना लागतो. काउंटीचे म्हणणे असे की, विहिरीतील पाणी आधी भूजलात जाते, त्यामुळे हा समुद्रातील विसर्गच नव्हे. २३ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय दिला. भूजलातून होणारा विसर्ग कार्यदृष्ट्या थेट विसर्गाशी तुल्य असेल तर परवाना आवश्यक आहे, असे न्यायमूर्ती ब्रेयर यांनी लिहिले. ही तुल्यता ठरविताना अंतर आणि काळ हे बहुतांशी सर्वांत महत्त्वाचे घटक असतील, असेही त्यांनी सांगितले. नळाचे टोक समुद्रापासून काही फुटांवर असेल तर परवाना लागेल. ५० मैलांवर असून पाणी पोहोचण्यास अनेक वर्षे लागत असतील तर बहुधा लागणार नाही. जुलै २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयाने हा निकष लावून लहैना येथे परवाना आवश्यक असल्याचे ठरविले.

अंतर आणि काळ या दोन्ही गोष्टी मोजण्याच्या आहेत. ‘अर्धा मैल’ आणि ‘८४ दिवस’ हे आकडे उपलब्ध नसते तर न्यायालयाचा निकष या किनाऱ्याला लावताच आला नसता.

६. कोकण किनाऱ्याच्या संदर्भात

लहैना येथील परिस्थिती जशीच्या तशी कोकणाला लागू होत नाही. कोकणात खोल विहिरींतून सांडपाणी जमिनीत सोडण्याची व्यवस्था नाही. येथे घरे, उपाहारगृहे आणि पर्यटन निवास यांच्या सेप्टिक टाक्या व शोषखड्डे आहेत. म्हणजे या बाबतीत साम्य वाक्वॉइट उपसागराशी अधिक आहे. जांभा खडक सच्छिद्र असतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही अनेक गावांतील विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात, यावरून जमिनीतील पाणी किती झपाट्याने उताराकडे निघून जाते याची कल्पना येते. जांभ्यातील लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे फॉस्फेट धरून ठेवतात, नायट्रेटला मात्र अडवीत नाहीत. शिवाय भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून प्राणवायूची नैसर्गिक तूट निर्माण होते, हे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधनातून पुढे आले आहे. अशा पाण्यात नत्राची भर किती पडते, हा प्रश्न दुय्यम मानता येत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता एक महत्त्वाचा फरक आढळतो. अमेरिकेत ज्या मुद्द्यावर आठ वर्षे वाद चालला तो मुद्दा भारतात त्या स्वरूपात उद्भवत नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मधील ‘प्रवाह’ या संज्ञेच्या व्याख्येत नदी, जलमार्ग यांबरोबर भूगर्भातील पाण्याचाही स्पष्ट समावेश आहे. म्हणजे भूजल दूषित करणे हे येथे मुळातच कायद्याच्या कक्षेत येते. उणीव आहे ती अमुक टाकीतील वा शेतातील नत्र अमुक किनाऱ्यावर पोहोचते हे दाखविणाऱ्या पुराव्याची.

असा पुरावा गोळा करण्याची सुरुवात महाविद्यालयीन पातळीवरही होऊ शकते. उधाणाच्या ओहोटीला किनारा सर्वाधिक उघडा पडतो. अशा वेळी वाळूतील पाण्याचे तापमान व वाहकता मोजून पाझराच्या जागा नकाशावर नोंदविता येतात. निवडक जागी पिंपाचे पाझरमापक बसविता येतात आणि उधाण व भांग या दोन्ही काळांतील नोंदींची तुलना करता येते. लगतच्या विहिरींतील नायट्रेटची मासिक नोंद ठेवता येते. शैवालांचे वाळविलेले नमुने समस्थानिक विश्लेषणाची सोय असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठविता येतात. रेडॉन व रेडियम यांच्या मापनासाठी मात्र मोठ्या संस्थांचे साहाय्य लागते. तिरुवनंतपुरम येथील राष्ट्रीय भूविज्ञान अध्ययन केंद्राने या विषयावर काम केले आहे. भूगोल, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावयाचा हा अभ्यास आहे.

७. निष्कर्ष

१. सागरतळीय भूजल विसर्गाचे जागतिक आकडे गोडे पाणी व पुनराभिसरित खारे पाणी यांतील भेद लक्षात घेऊनच वाचावे लागतात. पोषकद्रव्यांच्या दृष्टीने स्थानिक प्रमाण अधिक महत्त्वाचे ठरते.

२. भूजलातून नायट्रेट सहज पुढे जाते, फॉस्फेट मागे राहते. त्यामुळे किनारी जलातील पोषकद्रव्यांचा समतोल बदलतो, आणि भूजलाच्या मंद गतीमुळे परिणाम उशिरा दिसू लागतो व उशिरा ओसरतो.

३. कोणतीही एक पद्धत परिपूर्ण नाही. पाझरमापक प्रमाण सांगतो, तापमान जागा सांगते, रेडॉन-रेडियम विस्तार व काळ सांगतात, नत्राची समस्थानिके उगमाचा प्रकार सांगतात आणि रंगद्रव्य विशिष्ट उगम सिद्ध करते. लहैना येथे हे पुरावे एकमेकांना पूरक ठरले म्हणूनच त्यांना वजन आले.

४. भारतीय कायद्यात भूजलाचा समावेश असल्याने येथे नव्या तरतुदीपेक्षा मोजमापाची निकड अधिक आहे.

नदीच्या मुखाशी जमा होणारा कचरा सर्वांना दिसतो आणि त्याविषयी तक्रारही होते. वाळूखालून येणाऱ्या पाण्याविषयी तक्रार करण्यास कोणी नसते. त्याची किंमत प्रथम प्रवाळ व सागरी गवत आणि पाठोपाठ किनाऱ्यावर उपजीविका करणारी कुटुंबे चुकती करतात. या पाण्याची वाट, गती आणि त्यातील द्रव्ये यांची नोंद होऊ लागली तरच त्याविषयीचे उत्तरदायित्व निश्चित करता येईल.